एका घरास एक मोटार पुरेल काय?

एकत्र कुटुंबांत भांडणें होतात तीं मोठ्या कारणांवरून क्वचितच होतात. सकाळच्या पाण्यावरून, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून आणि अलीकडे मोटारीच्या किल्लीवरून तीं होतात. आमच्या घरीं २०२५ च्या उन्हाळ्यांत हा किल्लीचा प्रश्न असा कांहीं उभा राहिला कीं, त्याचा निकाल लावण्यास आम्हांस कित्येक बैठका आणि एक दोनशें पानी वही खर्चीं घालावी लागली. धाराशिवासारख्या गांवींच नव्हे, तर सोलापूर, लातूर व पुणें येथील आमच्या आप्तांच्या घरींही हाच प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपानें चालू असल्याचें त्यांच्या बोलण्यावरून दिसतें. यास्तव आमचा अनुभव जसा घडला तसा वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या वाड्यांत माणसें दहा. वडील बंधूंच्या मागें राहिलेल्या वहिनी, आम्ही उभयतां, दोघे मुलगे, दोघी सुना आणि तीन नातवंडें. मोटारी दोन होत्या. एक दादांनीं २०१० सालीं घेतलेली लहान पेट्रोलची व दुसरी थोरल्या मुलाची. दादा जाऊन तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं. त्यांची गाडी त्यांच्या मागें आम्ही चालवीत होतों, म्हणजे खरें सांगावयाचें तर बहुधा झांकून ठेवीत होतों. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती मुदत संपली कीं गाडी तपासून घेऊन पुढील पांच वर्षांकरितां नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. ह्या नूतनीकरणाची फी पूर्वीं ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली. पर्यावरण कर निराळा. सरकारी मुदतीनें घरांतला प्रश्न असा ऐरणीवर आणला. धाकटे चिरंजीव म्हणाले, "बाबा, जुन्या गाडीवर खर्च कशाला? ती विकूं आणि नवी घेऊं." थोरली सून म्हणाली, "दुसरी हवीच कशाला?" वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, आणि तेंच आम्हांस सर्वांत जड गेलें.

प्रथम आम्हीं पैशाचा हिशेब मांडला. मोटारीचा खर्च म्हणजे पेट्रोल, अशी आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत आहे. वस्तुतः नव्या गाडीचा सर्वांत मोठा खर्च असा असतो कीं तो खिशांतून जातांना दिसतच नाहीं. विम्याच्या हिशेबांत गाडीची किंमत धरण्याचें जें कोष्टक चालत आलें आहे, त्यांत गाडी एक वर्षाहून जुनी झाली कीं किंमतींतून २० टक्के वजा होतात, दोन वर्षांहून जुनी झाली कीं ३०, तीन वर्षांनंतर ४० व चार वर्षांनंतर ५० टक्के. म्हणजे ८ लाखांची गाडी पांचव्या वर्षीं ४ लाखांची धरली जाते. गेलेले ४ लाख पांच वर्षांवर वांटले तर वर्षास ८०,००० रुपये होतात. महिन्यास साडेसहा हजारांहून अधिक. गाडी जागची हलली नाहीं तरी हे जातात. शिवाय महाराष्ट्रांत पेट्रोलच्या नव्या खाजगी मोटारीवर एकरकमी कर किंमतीच्या ११ टक्क्यांपासून पुढें असतो. ८ लाखांवर तो ८८,००० होतो. विम्याचा केवळ तृतीय पक्षापुरता सक्तीचा भाग, १००० ते १५०० सी. सी. च्या गाडीस, जून २०२२ च्या दरानें वर्षास ३,४१६ रुपये. हें सर्व पाहून चिरंजीव थोडे नरमले.

परंतु हिशेब प्रामाणिकपणें करावयाचा तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या गाडीची किंमत आधींच उतरलेली असते. तिच्यांत आणखी घटण्यासारखें फारसें उरत नाहीं. नूतनीकरण, विमा, मधून मधून बॅटरी आणि उभ्या उभ्या कडक होणारे टायर एवढ्या खर्चांत ती आणखी कांहीं वर्षें ठेवतां आली असती. सारांश, नवी घेणें महाग व जुनी ठेवणें स्वस्त. केवळ पैशाकडे पाहिलें असतें तर दादांची गाडी आजही वाड्यांत असती. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी सुस्थितींत आहे, तिला उभें राहण्यास जागा आहे, आणि ती खरोखर उपयोगांत आहे, त्यांनीं आमचें उदाहरण पाहून ती विकण्याची घाई करूं नये. आमच्याकडे जागेचीही अडचण होती. वाड्याच्या दरवाज्यांतून एकच गाडी आंत जाते. दुसरी बोळांत उभी राही आणि शेजाऱ्यांच्या दुचाक्या अंग चोरून जात. जपानांत १९६२ च्या कायद्यान्वयें गाडी ठेवण्यास जागा असल्याचा दाखला शहरांतून दाखवावा लागतो. आमच्या बोळास तो कायदा लावला तर निम्म्या गाड्या उठतील, आणि त्यांत आमची पहिली असती.

मग थोरल्या सूनबाईंनीं सुचविलें कीं, तर्क करीत बसण्यापेक्षां महिनाभर लिहून पाहावें. चैत्र महिना आम्हीं वहींत लिहिला: कोणती गाडी, कोणी नेली, कोठें नेली, केव्हां आणली. तीस दिवसांत दोन्ही गाड्या एकाच वेळीं बाहेर असल्याचे दिवस निघाले नऊ. त्यांतील पांच दिवशीं कोणी अर्धा तास थांबलें असतें किंवा दोघें एकत्र गेलीं असतीं तर भागलें असतें. उरले चार. त्यांतील दोन कामें गांवांतल्या गांवांत, रिक्षानें होण्यासारखीं. एक लातूरचें, एस. टी. नें होण्यासारखें. एकच खरें अडलें असतें, वहिनींना डोळे दाखविण्यासाठीं सोलापूरला न्यावयाचें तें. कारण औषध घालून विस्तारलेल्या डोळ्यांनीं उन्हांतून एस. टी. च्या फलाटावर उभें राहणें म्हातारपणीं सोपें नाहीं. सोलापूर येथून ६५-७० किलोमीटर. ओळखीचा गाडीवाला जाऊन येऊन ३,००० रुपये घेतो. महिन्यास अशी एक फेरी धरली तरी वर्षाचे ३६,०००. नव्या गाडीच्या नुसत्या घटीच्या निम्म्याहून कमी.

पण वहीनें आणखी एक गोष्ट दाखविली, ती आम्हीं शोधीत नव्हतों. थोरल्या मुलाची गाडी रोज सुमारें २२ किलोमीटरवरील तुळजापुरास जाई आणि तेथें कचेरीपुढें सात तास उन्हांत उभी राही. तुळजापूरच्या रस्त्यानें एस. टी. ची ये-जा दिवसभर चालू असते. उलट धाकटी सून ज्या गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकविते, तें गांव हमरस्त्यापासून आंत आहे, तेथें एस. टी. येते ती शाळेच्या वेळेशीं न जुळणारी. ती बिचारी दुचाकीवर जाते. आमच्याकडची काळी जमीन पावसांत कशी होते हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस दुचाकीचें चाक तींत कसें रुततें आणि कसें घसरतें हें सांगावयास नको. सात वर्षें ती अशी जात होती आणि घरांत कोणाच्या, आमच्याही, मनांत आलें नव्हतें कीं गाडीची खरी गरज हिला आहे. गाडी थोरल्याची होती, म्हणून ती थोरल्याबरोबर जात होती. एवढाच त्याचा न्याय.

हा न्याय फार जुना आहे. उमरग्याच्या पलीकडे सीमा ओलांडली कीं बसवकल्याण लागतें, तेंच चालुक्यांचें कल्याण. तेथें विक्रमादित्य सहावा याच्या कारकीर्दींत (इ. स. १०७६ ते ११२६) विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि पुढें शेंकडों वर्षें आपल्या एकत्र कुटुंबांच्या वांटण्या तिच्या आधारानें झाल्या. कोणत्या वस्तु वांटूं नयेत ह्याचा विचार करतांना मनूनें वाहनाचें नांव घेतलें आहे. त्यावर विज्ञानेश्वर म्हणतो कीं, घोडा, पालखी इत्यादिकांपैकीं ज्यावर जो बसत आला तें त्याचें. (विषम संख्येनें उरलेली शेळी-मेंढी वडील भावाची, असेंही मनूचें वचन तो देतो. आमचा जिल्हा उस्मानाबादी शेळीकरितां प्रसिद्ध असल्यामुळें हें वचन वर्गांत सांगितलें कीं मुलें हटकून हंसत.) पण त्याच प्रकरणांत विहिरीचाही प्रश्न आहे. विहीर वांटतां येत नाहीं. म्हणून तिची किंमत करून पैसे वांटावे काय? विज्ञानेश्वर म्हणतो, नाहीं. सर्वांनीं पाळीपाळीनें पाणी घ्यावें.

अनेक वर्षें हीं दोन वाक्यें आम्हीं शेजारीं शेजारीं वाचलीं होतीं. मोटार घोडा मानावी कीं विहीर, असा प्रश्न पडला तो मात्र ती वही पाहून. घोडा मानली तर प्रत्येक बसणारास एकेक हवा, आणि मग दोन नव्हे, चारही पुरणार नाहींत. विहीर मानली तर एक पुष्कळ झाली. मात्र पाळी पाळली पाहिजे.

हें आम्हीं बैठकींत मांडलें. मुलांना पटलें; म्हणजे धाकट्याला पटलें व थोरल्यानें मान हालविली. तेव्हां वहिनी प्रथमच बोलल्या. "भाऊजी, तुमचे दादा होते तोंवर मला कुठें जायचें तर मीं कधीं कुणाला विचारलें नाहीं. ते गेले, तुम्ही नेत होतां. आतां देवीला जायचें झालें तर मीं कुणाच्या तोंडाकडे पाहायचें?" ह्यावर कोणापाशीं उत्तर नव्हतें. किलोमीटर, घट, कर, विमा ह्या सर्वांच्या हिशेबांत हा रकाना आम्हीं धरलाच नव्हता. दुसरी गाडी घरांत असते ती पुष्कळदां चालविण्यासाठीं नसतेच. कोणापुढें हात पसरावा लागूं नये म्हणून असते. घरांतील वृद्ध माणूस, नवी आलेली सून, कमावता नसलेला भाऊ, ह्यांना मागणें किती जड जातें हें ज्याच्या खिशांत किल्ली आहे त्यास कळत नाहीं. आमच्याही खिशांत ती तीन वर्षें होती.

उपाय धाकट्या सूनबाईंनीं काढला. किल्ली कोणाच्या खिशांत राहावयाची नाहीं. ती ओटीवरच्या खुंटीला. तिच्याखालीं वही. ज्याला जायचें त्यानें आदल्या रात्रीं दिवस, वेळ, गांव आणि गाडींत रिकामी जागा किती, एवढें लिहावें. लिहिणें म्हणजे विचारणें नव्हे. लिहिलें कीं झालें. दोघांचें जुळलें नाहीं तर ज्याला दुसरें साधन नाहीं त्याची पाळी आधीं, आणि आजार सर्वांच्या आधीं. तिचा एक नियम आम्हांस फार आवडला: "कशासाठीं" असा रकाना वहींत ठेवायचा नाहीं.

ज्येष्ठांत दादांची गाडी ओळखीच्या एका शिक्षकांस दिली. पुढच्या कांचेजवळची देवीची लहान मूर्ति वहिनींनीं काढून घेतली, ती आतां त्यांच्या देव्हाऱ्यांत आहे. आलेले पैसे निराळ्या खात्यांत ठेवले. भाड्याची गाडी लागली तर त्यांतून द्यावयाचे.

पाळीनें मोटार वापरण्याची कल्पना जगांत नवी नाहीं. १९४८ सालीं १ जूनला पुणें-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस. टी. धांवली, त्याच सालीं स्वित्झर्लंडांत झुरिक येथें कांहीं मंडळींनीं सहकारानें मोटार वापरण्याची संस्था काढली. आमचें गांव त्या जूनमध्यें निजामाच्या राज्यांत होतें. तेथें सरकारी मोटारखात्यानें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं आरंभ केला होता. आगगाडी गांवांत आली ती रुंद रुळांबरोबर, २००७-०८ च्या सुमारास. त्यापूर्वींची बार्शी लाइट रेल्वे येडशीवरून जाई. एवढ्या गांवानें एवढीं वर्षें घरोघर मोटारीवांचून काढलीं, हें आठवलें कीं भीति कमी होते.

अडचणी आल्या नाहींत असें मात्र नाहीं. त्या वर्षीं सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली. गाडी धाकट्या सूनबाईंकडे होती. ओढ्याला पाणी आल्यामुळें तिला एक रात्र शाळेच्या गांवींच राहावें लागलें. दुचाकी असती तर ती ओढ्यांत घालण्याचा मोह झाला असता, असें तिनेंच दुसऱ्या दिवशीं सांगितलें. त्याच रात्रीं नातवास दम लागला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविली. ती निघाल्याचा निरोप येतो न येतो तोंच बोळांतल्या शेजाऱ्यांनीं आपली गाडी दाराशीं लावली. ज्यांच्या दुचाक्या आमच्या गाडीमुळें अंग चोरून जात, तेच हे शेजारी. मुलगा दोन तासांत बरा झाला. पण त्या दोन तासांत थोरले चिरंजीव आमच्याशीं बोलले नाहींत, आणि त्यांस दोष देणें आम्हांस शक्य नव्हतें.

म्हणून कोणी विचारल्यास आम्ही सरसकट "एक पुरे" असें सांगत नाहीं. नवरा-बायको दोन विरुद्ध दिशांना, एस. टी. नसलेल्या गांवीं नोकरीस असतील, किंवा घरांत वरचेवर दवाखान्यांत न्यावें लागणारें माणूस असेल, तर दुसरी गाडी ही चैन नव्हे. बाकीच्यांनीं एक महिना वही लिहावी. आमच्याकडे थोरल्यानें आश्विनापासून तुळजापूरची एस. टी. धरली. उभें राहावें लागलें तर तो कुरकुरतो. बसावयास मिळालें तर वाचतो. कोजागिरीला सोलापूरकडून देवीला पायीं येणाऱ्यांची एवढी गर्दी होते कीं त्या रस्त्यावरील वाहनें वळवावीं लागतात. त्या दिवशीं दहा गाड्या असल्या काय आणि एक असली काय, सारखेंच.

एस. टी. चें तिकीट स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून अर्धें झालें आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. वहिनींना पंचाहत्तरावें कार्तिकांत पुरें झालें. त्यानंतर त्या शेजारच्या काकूंना घेऊन दोनदां एस. टी. नेंच तुळजापुरास जाऊन आल्या, आम्हांस न सांगतां. वहींत मात्र त्यांचें नांव येत नव्हतें. तें मार्गशीर्षांत प्रथम आलें, त्यांच्या गोल, मोडीचें वळण असलेल्या अक्षरांत: "मंगळवार, सकाळीं ७, तुळजापूर. जागा तीन आहेत."