मारतहळ्ळीत जेवायला जाताय? आधी बेसिन बघा

मारतहळ्ळीत पीजीमध्ये राहणाऱ्या मुलाला घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवलास का?" आणि लगेच दुसरा, "कुठे जेवलास?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा अवघड असतं. आउटर रिंग रोड आणि जुना एअरपोर्ट रोड जिथे मिळतात, तिथल्या पुलाच्या आसपास पावलापावलावर खाण्याची सोय आहे. दर्शिनी आहेत, आंध्र मेस आहेत, बिर्याणीची दुकानं आहेत, पराठेवाले आहेत आणि संध्याकाळी गोबी मंचुरियनच्या गाड्याही लागतात. इथल्या आयटी कंपन्यांत काम करणारी कितीतरी मुलंमुली महिन्याचे तीसही दिवस बाहेरचंच खातात. वर्षातून चारदा हॉटेलात जाणाऱ्या कुटुंबाची एखादी निवड चुकली तर निभावून जातं. रोज बाहेर जेवणाऱ्याला ते परवडत नाही.

मी इथे नवीन होते तेव्हा एसी, मंद दिवे आणि गुळगुळीत मेन्यूकार्ड बघून एका हॉटेलात शिरले होते. फ्राइड राइस मागवला. त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भात कधीचा होता?" मला कसं माहीत असणार? फ्राइड राइससाठी बहुतेक ठिकाणी आधी शिजवून गार केलेला भात वापरतात. तो लगेच फ्रिजमध्ये गेला तर प्रश्न नसतो. तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढू शकतो आणि त्याने तयार केलेलं विष भात पुन्हा परतला तरी जात नाही. मला नेमकं कशाने बाधलं ते सिद्ध करता येणार नाही. पण दोन दिवसांची रजा गेली आणि औषधांचा खर्च जेवणाच्या बिलापेक्षा जास्त झाला.

गंमत म्हणजे त्याच गल्लीतल्या दर्शिनीने मला आजवर कधी त्रास दिलेला नाही. तुम्ही पहिल्यांदाच बंगळुरूला येत असाल तर सांगते, दर्शिनी म्हणजे काउंटरवर कूपन घ्यायचं, ताटली उचलायची आणि उभ्यानेच खायचं. १९८३ साली जयनगरमध्ये 'कॅफे दर्शिनी' सुरू झालं आणि पुढे ते नाव या प्रकारच्या सगळ्याच हॉटेलांना चिकटलं. इथे नाश्ता आणि फिल्टर कॉफी साधारण शंभराच्या आत होते. स्वस्त आहे म्हणून नाक मुरडू नका. पदार्थ मोजके आणि गिऱ्हाईक सतत, त्यामुळे सकाळची इडली दुपारपर्यंत पडून राहतच नाही. शिवाय डोसा तुमच्या डोळ्यांसमोर तव्यावर पडतो.

स्वयंपाकघर गिऱ्हाइकाला दिसावं ही कल्पना या शहरात जुनी आहे. १९२४ मध्ये सुरू झालेल्या एमटीआरचे यज्ञनारायण मय्या १९५१ साली युरोपला जाऊन आले. तिथल्या हॉटेलांची स्वच्छता त्यांच्या मनात भरली. परतल्यावर त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करायला सुरुवात केली आणि लोकांना स्वयंपाकघर बघायचं आमंत्रणही दिलं.

प्रत्येक हॉटेल तुम्हाला आत नेणार नाही. म्हणून मी आधी बेसिन बघते. साबण आहे का, पाणी येतंय का, टेबल पुसायचं फडकं कसल्या रंगाचं झालंय? २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत पाण्याचे हाल झाले तेव्हा पूर्वेकडच्या भागांनी टँकरवर दिवस काढले. पाणी विकत घ्यावं लागलं की काटकसरीची पहिली कुऱ्हाड भांडी घासण्यावर पडण्याची भीती असते. अशा दिवसांत आंध्र मेसमधलं केळीचं पान स्टीलच्या ताटापेक्षा भरवशाचं वाटतं. चमचे वाफाळत्या पाण्यात बुडवून ठेवलेले दिसले तर चांगलंच. नुसत्या कोमट, गढूळ पाण्यात असतील तर सरळ हाताने जेवा. पिण्यासाठी "बिसी नीरु" म्हणजे गरम पाणी मागा. एवढे दोन कन्नड शब्द आले की इथे काम भागतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पैसेही घेत नाहीत.

डोळ्यांना दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. गोबी मंचुरियन भडक लाल असेल तर गाडी बदला. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने त्यात कृत्रिम रंग घालायला बंदी केली आहे. इडलीच्या साच्यात कापडाऐवजी प्लास्टिकचा कागद दिसला तरी उठा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तपासणीत हा प्रकार सापडला आणि सरकारने तोही थांबवायला सांगितलं.

आता पैशांचं. आंध्र मेसची पोटभर थाळी म्हणजे पप्पू, गोंगुरा, पोडीवर तूप आणि हवा तेवढा भात. भूक मोठी असेल तर पैसे वसूल. पण आई-बाबा भेटायला आले असतील आणि एकच वाटी भात खाणार असतील तर तीन थाळ्या घेणं म्हणजे नुकसानच, आणि अशा थाळीत वाटून खायला सहसा देत नाहीत. त्यांना दर्शिनीत न्या, फक्त बसायला खुर्च्या असलेली शोधा. गुडघे दुखत असतील तर उभ्याने खाणं त्यांना जमणार नाही. माझ्या आईला पोळी मिळाली नाही म्हणून ती पहिल्या दिवशी रुसली होती, दुसऱ्या दिवशी सेट डोशावर खूश झाली.

बिल हातात आलं की दोन ओळी वाचा. सर्व्हिस चार्ज परस्पर लावलेला असेल तर काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या नियमांनुसार तो सक्तीने घेता येत नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे नियम कायम ठेवले. दुसरी ओळ एफएसएसएआयच्या चौदा आकडी नंबराची. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे. नंबर आहे म्हणजे स्वयंपाकघर स्वच्छ आहे असं नाही, पण पोट बिघडलं तर त्या नंबरावरून 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर तक्रार करता येते. पैशांच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. बिल चुरगाळून फेकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे त्या रात्रीच्या बिलाचा फोटो नव्हता.