लायसन काढून घेतले तर दंड भरणार कशातून?

अमेरिकेत गाडी चालवण्याचे लायसन ही चैनीची वस्तू नाही, ते रोजीचे साधन आहे. काही मोठी शहरे सोडली तर तेथे बस-रेल्वेची सोय कमीच. सुतार, नळवाला, गोदामातला हमाल, सगळेच गाडीने कामावर जातात. तरीही तेथील बहुतेक राज्यांत वर्षानुवर्षे एक विचित्र नियम चालत होता: कोर्टाचा दंड मुदतीत भरला नाही, की लायसन निलंबित. गाडी बेफाम चालवली म्हणून नव्हे, खिशात पैसे नव्हते म्हणून.

हिशेब पाहा. कॅलिफोर्निया राज्यात गरिबांचे खटले चालवणाऱ्या वकिलांच्या संस्थांनी २०१५ साली एक अहवाल काढला. रहदारीच्या गुन्ह्याचा मूळ दंड १०० डॉलर असला, तरी त्यावर निरनिराळे आकार चढून रक्कम ४९० डॉलर होत असे. मुदत चुकली की तीच ८१५ डॉलर. दंड न भरल्यामुळे किंवा तारखेला हजर न राहिल्यामुळे लायसन गमावलेल्यांची संख्या त्या एका राज्यात ४० लाखांवर गेली होती.

आता असा माणूस करणार काय? घरी बसला तर नोकरी जाते. गाडी काढली तर विनालायसनचा नवा गुन्हा, त्यावर नवा दंड आणि प्रसंगी कैद. न्यू जर्सी राज्यातील २००६ च्या पाहणीत लायसन निलंबित झालेल्यांपैकी ४२ टक्के लोकांनी आपली नोकरी गेल्याचे सांगितले. कमाईच बंद पडल्यावर दंड वसूल व्हायचा कसा?

व्यापारी बंधूंना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. मालेगाव-भिवंडीकडे सूत उधार देणारा जाणतो, की देणेकऱ्याचा माग उचलून आणला तर माग पदरी पडेल, पण रक्कम बुडेल. माग चालू राहिला तर थोडेथोडे का होईना, पैसे येतात. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनेही हे ओळखले आहे. तिच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारे कर्जाच्या वसुलीसाठी जप्त करता येत नाहीत. सूरह बकरामध्ये तर अडचणीतल्या कर्जदाराला हात सैल होईपर्यंत मोहलत देण्याची शिकवण आहे. ड्रायव्हरचे हत्यार म्हणजे त्याचे लायसन.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच ठरवून दिले होते, की ऐपत आहे की नाही याची चौकशी केल्याशिवाय, केवळ दंड थकला म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. पण तो निकाल कैदेपुरता होता. लायसनवरची कुऱ्हाड चालूच राहिली.

बदल आला तो २०१७ पासून. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या सरकारने अंदाजपत्रकातच मान्य केले, की लायसन निलंबित करणे आणि दंड वसूल होणे यांचा फारसा संबंध दिसत नाही. त्याच वर्षी तेथे थकलेल्या दंडापायी लायसन निलंबित करणे बंद झाले. मिसिसिपी राज्याने वर्षअखेर एक लाखावर लोकांची लायसने परत देण्याचे कबूल केले. पुढे इलिनॉय आणि व्हर्जिनियाने २०२० साली व न्यूयॉर्कने २०२१ साली तोच रस्ता धरला. आजवर वीसहून अधिक राज्यांनी हा नियम रद्द केला आहे किंवा सौम्य केला आहे.

कोणी म्हणेल, धाक नसेल तर दंड भरणार कोण? शंका रास्त आहे. पण दंड माफ झालेला नाही, येणे कायम आहे. हप्ते बांधून देता येतात, इतर मार्गांनी वसुलीही होते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचे लायसन आजही जाते, आणि जायलाच हवे. प्रश्न फक्त ऐपत असून न देणारा आणि ऐपतच नसलेला यांच्यात फरक करण्याचा आहे. दोघांना एकाच काठीने हाकणे हा इन्साफ नव्हे.

आपल्याकडेही ई-चलन आता टेम्पो, रिक्षा, दुचाकी सर्वांच्या मागे लागले आहे. मोबाइलवर आलेला संदेश वाचलाच जात नाही आणि रक्कम साठत जाते. म्हणून ज्यांच्या पदरी ड्रायव्हर आहेत त्यांनी महिन्यातून एकदा गाडीची चलने तपासावीत. चूक मालकाची असेल, म्हणजे माल जादा भरला असेल किंवा कागदपत्रे अपुरी असतील, तर दंड मालकानेच भरावा. ड्रायव्हरची चूक असेल तर पगारातून एकदम न कापता हप्ते पाडून द्यावेत. थकीत चलने लोकअदालतीत तडजोडीसाठी येतात, त्या तारखेवरही लक्ष ठेवावे.

वसुली करावी, जरूर करावी. पण ज्या हाताने माणूस देणे फेडणार, तो हात बांधून नव्हे.