वर्गमूळ आणि अखंड फेरा

पुण्यात १८२१ साली जन्मलेल्या पंडित बापूदेव शास्त्री यांनी वाराणसीच्या संस्कृत महाविद्यालयात दीर्घकाळ गणित व ज्योतिष यांचे अध्यापन केले. भास्कराचार्यांचे ग्रंथ हा त्यांच्या व्यासंगाचा विषय होता. या आचार्यांच्या ‘बीजगणिता’त ‘वर्गकुट्टक’ नावाचा एक प्रश्नप्रकार आढळतो : कोणत्या संख्येच्या वर्गातून ३० वजा केले असता बाकीस ७ ने निःशेष भाग जातो? १० ही संख्या ही अट पुरी करते. कारण १०० मधून ३० गेले असता ७० उरतात. बाराव्या शतकातील हा प्रश्न आज संगणकांच्या गुप्त संदेशव्यवहारात नित्य सोडवावा लागतो.

दोन संगणकांमधील संदेश परक्याच्या हाती लागू नयेत म्हणून जी कूटलेखनप्रणाली योजतात, तीत ‘ओपनएसएसएल’ ही फार प्रचलित आहे. सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र सादर करतो. त्यातील किल्ली म्हणजे पुष्कळदा एका वक्रावरील बिंदू असतो. जागा वाचावी म्हणून काही वेळा त्याचा एकच निर्देशांक पूर्ण लिहितात; दुसरा, वर्गकुट्टकाप्रमाणेच, शेषाच्या वर्गमूळावरून काढावा लागतो.

हे वर्गमूळ काढण्याची रीत भाजक मूळसंख्या असेल तरच बिनचूक चालते. ओपनएसएसएलमध्ये ही रीत पायरीपायरीने पुढे जाई, आणि गणक मर्यादेइतका झाला की नाही, एवढेच तेथे तपासले जाई. भाजक संयुक्त असला, तर मर्यादा घटत १ वर येऊ शके. गणक मात्र तपासणीपूर्वीच २ वर पोचलेला असे. मर्यादा मागे राहिली, आणि फेरा संपेनासा झाला.

गूगलमधील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी हा दोष उघडकीस आणला. त्यायोगे कोणतेही गुपित फुटत नव्हते. परंतु प्रक्रियक त्या एकाच गणितात गुंतून पडे आणि इतरांना सेवा मिळेनाशी होई. शिवाय प्रमाणपत्रावरील सही पडताळण्यापूर्वीच त्यातील किल्ली वाचली जात असल्यामुळे हल्लेखोराला खऱ्या सहीचीही गरज नव्हती. ग्राहकांकडून प्रमाणपत्रे स्वीकारणारे सर्व्हर आणि परक्या सर्व्हरशी जोडले जाणारे संगणक, दोघांनाही हा धोका होता.

१५ मार्च २०२२ रोजी १.१.१एन आणि ३.०.२ या सुधारित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. दुरुस्ती लहानशीच होती : गणक मर्यादेहून लहान आहे तोवरच फेरा चालावा, उत्तर न मिळाल्यास चूक नोंदवून थांबावे. तथापि नवी प्रत चकतीवर उतरविली म्हणजे काम संपले, असे नव्हे. चालू असलेला कार्यक्रम स्मृतीतील जुनीच प्रत वापरीत राहतो. म्हणून त्या सेवा बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागतात. काही कार्यक्रमांच्या पोटात ओपनएसएसएलची स्वतंत्र प्रत असते. तीही शोधून बदलावी लागते.

भास्कराचार्यांच्या प्रश्नातील ७ हा भाजक आचार्यांनी स्वतः निवडलेला होता. यंत्रापुढे मात्र भाजक परका मनुष्य ठेवतो; म्हणून तो पारखून घेणे हाही गणिताचाच भाग ठरतो.