उलटी बाजू नसलेली कसुती
धारवाडच्या कसुती या भरतकामात नक्षी आधी छापत नाहीत; कापडाचे उभे-आडवे धागे मोजूनच गोपुर, हत्ती, तुळशीवृंदावन उभं राहतं. इरकली लुगड्यांमुळे ती महाराष्ट्रातही ओळखीची. गवंती टाक्यात सुई जाताना एकाआड एक घर सोडते, परतताना तीच घरं भरते. गाठही नसते, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. परतीची वाट सुरुवातीलाच डोक्यात आखावी लागते आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. यंत्र झटपट, स्वस्तात भरतं, हा आक्षेप खोटा नाही. पण त्याला वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे लागतात; उलटी बाजू बहुधा वेगळीच पडते. (फुलीचा मेंथी टाकाही मागून निराळा दिसतो, हे मान्य.) हातकामात डोळे शिणतात, मजुरी तोकडी पडते. पण तो हिशोब विकणारीचा. स्वतःसाठी सुई धरणारीला घाई कसली?