दोन पेन्सांचा वाद

1926 साली मुंबईच्या गिरणीमालकांची झोप उडवली ती अवघ्या दोन पेन्सांनी. एका रुपयाला 16 पेन्स मिळावेत की 18? चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने 18 चा कौल दिला. आयोगाचेच सदस्य असलेल्या सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी मात्र 16 चा आग्रह धरत भिन्नमत नोंदवलं.

फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब मांडून पाहावा. पौंडाचे पेन्स 240. 16 पेन्सांच्या जुन्या दराने पौंड 15 रुपयांचा, 18 पेन्सांच्या नव्या दराने 13 रुपये 5 आणे 4 पैंचा. म्हणजे मँचेस्टरचं 100 पौंडांचं कापड 1500 रुपयांऐवजी सुमारे 1333 रुपयांत मुंबई बंदरात उतरणार. उलट 100 पौंडांचा कापूस परदेशी विकणाऱ्याच्या हाती तेवढेच, 167 रुपये कमी पडणार. महाग रुपयाचा फटका असा गिरणीला आणि कापूस पिकवणाऱ्यालाही बसतो. गिरणीमालकांची तक्रार रास्तच होती.

सरकारचं गणित निराळं होतं. निवृत्तिवेतनं, कर्जावरचं व्याज असे खर्च लंडनला पौंडांत भागवावे लागत. रुपया महाग, तर तिजोरीवरचा भार हलका.

1927 मध्ये 18 पेन्सांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरही तोच दर टिकला. 6 जून 1966 च्या अवमूल्यनानंतर पौंड थेट 21 रुपयांवर गेला.