शब्दांविना पंचमहाभूते

शब्द नसलेल्या संगीताला विषय असू शकतो काय? आणि असला, तर तो श्रोत्याला कळावा कसा? जर्मनीतील आशाफेनबुर्ग येथील 'माय स्लीपिंग कर्मा' या वाद्यवृंदाचा 'मोक्ष' (२०१५) हा अल्बम ऐकताना हा प्रश्न टाळता येत नाही.

गिटार, बेस, कीबोर्ड आणि ड्रम एवढाच येथला संसार, गायक नाही. हे सायकेडेलिक रॉक संगीत. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत व इंग्लंडमध्ये ते वाढले. 'सायकेडेलिक' याचा मूळ अर्थ मन प्रकट करणारे. त्याच्या भारदस्त प्रकारात गिटारचा ध्वनी यंत्राच्या मर्यादेपलीकडे वाढवितात. मग लहरींची टोके छाटली जातात, नवे उपस्वर मिसळतात आणि नाद खरखरीत व भरदार होतो.

पृथ्वी, वायु, आकाश, मोक्ष, जलम्, अग्नी अशा सहा मोठ्या रचना आणि संस्कृत नाटकातील विष्कंभकांप्रमाणे त्यांना जोडणारे पाच छोटे तुकडे, अशी ही मांडणी आहे. एखादी लहान स्वरावली पुन्हा पुन्हा फिरत राहते. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा तोच राहतो आणि आपले लक्ष तबल्याकडे जाते. येथे फिरणारी स्वरावलीच हळूहळू दाट होते. म्हणून 'पुढे काय?' यापेक्षा 'आता काय बदलले?' असे मनाशी विचारीत ऐकावे.

आपली खरी अडचण निराळीच आहे. ही नावे आपल्या घरची! 'अग्नी' म्हटले की स्वर कानी पडण्याआधीच आपण ज्वाळा पाहू लागतो. परकीयांनी आपले तत्त्वज्ञान उचलले, या अभिमानाने तर कान पुरतेच मिटतात. पण क्रम पाहा. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, मग अग्नी, आप आणि पृथ्वी अशी उत्पत्ती सांगितली आहे. येथे आरंभ पृथ्वीने, शेवट अग्नीने. आणि आपण ज्याला अखेरचे स्थान देऊ तो मोक्ष मध्येच येऊन जातो! तेव्हा हे उपनिषदावरील भाष्य समजू नये. नावे आपली असली तरी रचना त्यांची आहे.

यास्तव पहिल्या खेपेस नावे न पाहता, क्रम न मोडता, सलग ऐकावे. दुसऱ्या खेपेस नावे वाचून ऐकावे. दोहोंत जो फरक जाणवेल तो शब्दाचा वाटा. जे दोन्ही वेळा तसेच राहील, ते संगीताचे.