देवाचे ऐकणे म्हणजे नक्की कोणाचे ऐकणे?

श्रोतेहो, गेल्या व्याख्यानानंतर एका भगिनींची चिठ्ठी आमच्या हाती आली. दोनच ओळी होत्या. देवाची आज्ञा पाळणे आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळणे या एकच गोष्टी समजायच्या की वेगळ्या? आणि वेगळ्या असतील तर आवाज कोणाचा आहे हे ओळखायचे कसे? आज आम्ही कृपेवर बोलणार होतो, पण ही चिठ्ठी बाजूला ठेवणे बरे वाटेना. तेव्हा आजचा विषय आज्ञापालन. कृपेचा धागा त्यात येईलच.

सुरुवात शब्दापासून करू. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांची ही जुनी खोड आहे, चालवून घ्या. आपल्या मराठीत आई तक्रार करते, 'हा माझं ऐकतच नाही.' मुलाचे कान शाबूत आहेत हे तिला ठाऊक असते. तिला म्हणायचे असते की तो सांगितलेले करत नाही. म्हणजे आपल्या बोलीत 'ऐकणे' या एकाच क्रियापदात कानावर पडणे आणि त्याप्रमाणे वागणे अशी दोन्ही कामे आहेत. गंमत अशी की इब्री भाषेतही नेमके हेच आहे. जुन्या करारात जिथे जिथे आपण 'आज्ञा पाळणे' असे वाचतो, तिथे बहुतेक वेळा मूळ शब्द 'शामा' असतो आणि त्याचा साधा अर्थ ऐकणे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातला जो कबुलीजबाब धार्मिक यहुदी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो, त्याची सुरुवातच या शब्दाने होते, म्हणून त्याचे नाव 'शेमा'. ग्रीकमध्ये 'आकूओ' म्हणजे ऐकणे आणि त्यालाच उपसर्ग लावून 'हुपाकूओ' म्हणजे आज्ञा मानणे. लॅटिनमध्येही तसेच. इंग्रजीतला 'ओबे' हा शब्द 'ऑदिरे', म्हणजे ऐकणे, या लॅटिन धातूतूनच आलेला आहे.

हे सगळे कशासाठी सांगितले? 'आज्ञापालन' हा आपला संस्कृत शब्द ऐकला की डोळ्यांपुढे शिपाई उभा राहतो. हुकूम आला, टाच जुळली, काम झाले. विचार करायचे कामच नाही. तरुण मंडळी या चित्राला कंटाळून आज्ञापालन म्हणजे गुलामी असे म्हणतात. काही उपदेशक याच चित्राला भुलून 'प्रश्न विचारू नका, आज्ञा पाळा' असे सांगतात. दोघांचे भांडण आहे, पण दोघांच्या मनातले चित्र एकच आहे. पवित्र शास्त्रातला मूळ शब्द मात्र कानाशी जोडलेला आहे. ऐकणाऱ्याला लक्ष द्यावे लागते, बोलणारा कोण ते ओळखावे लागते आणि कधी कधी पुन्हा विचारावेही लागते.

बाल शमुवेलाची गोष्ट तुम्हा सर्वांना माहीत आहे. लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेली असते, म्हणून तिच्याकडे आपण नीट बघत नाही. रात्रीची वेळ आहे, मुलगा मंदिरात झोपला आहे. हाक येते. तो उठून थेट एली याजकाकडे धावतो. एली म्हणतो, मी नाही बोलावले, जा, झोप. असे तीनदा होते. बघा, मुलगा आज्ञाधारक आहे, त्यात शंकाच नाही. अर्ध्या रात्री तीन वेळा उठून धावणारे पोर आणखी काय करणार? पण त्याचे सगळे धावणे चुकीच्या दाराकडे आहे. देवाचा आवाज त्याला याजकाचा वाटतो. ही चूक लहान मुलाची म्हणून आपण कौतुकाने सोडून देतो, पण चिठ्ठीतल्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

आणि एलीचे काय? म्हातारा, दृष्टी गेलेला, घरात मुले वाया गेलेली. तरी त्याने एक गोष्ट केली, जी भल्याभल्यांना जमत नाही. तो म्हणाला, हाक माझी नाही. तिसऱ्या खेपेला त्याच्या लक्षात आले आणि त्याने मुलाला आपल्यापासून दूर, देवाकडे पाठवले. पुढे देवाने शमुवेलाला जे सांगितले ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होते. तेही एलीने सकाळी त्याच्याकडून वदवून घेतले आणि ऐकून घेतले. आमच्या मते या कथेतला आज्ञापालनाचा मोठा धडा मुलापेक्षा त्या म्हाताऱ्याकडे आहे. ज्याच्याकडे अधिकार आहे, त्याने आपला आवाज आणि देवाचा आवाज यांत फरक करणे, हे अधिकाऱ्याचे आज्ञापालन होय.

आता एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. ती आपल्या मातीतल्या एका बाईची आहे, फक्त घडली इंग्लंडात.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यायचे मनात होते, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहिले. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता आणि तिथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी कन्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या मठातल्या भगिनी जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक आईच. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या आणि दोघींमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. हा पत्रव्यवहार पुढे १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापला. आज्ञापालनावर पुष्कळ जड ग्रंथ आहेत, पण हा प्रश्न जिवंत बघायचा असेल तर ही पत्रे वाचावीत.

भांडण कशावरून झाले? एक तर, रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही. हिंदुस्थानातल्या बिशपांना वाटले की त्याने त्यांचे मायदेशातले वजन जाईल. रमाबाईंना हे मुळीच पटले नाही. ज्या बाईने हिंदुस्थानात पुरुषांच्या सभा गाजवल्या होत्या, तिने कोणाला शिकवावे हे दुसऱ्यांनी परस्पर ठरवायचे? दुसरे, त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला उतरत नव्हता आणि न पटलेली गोष्ट पटली म्हणायला त्या तयार नव्हत्या. तिसरे, मनोरमेला काय शिकवायचे. अगदी जेवणावरूनही कुरबुर होती. रमाबाई शाकाहारी राहिल्या, आणि जेराल्डिनबाईंना त्यात जुन्या जातीचा अहंकार दिसे.

पण या सगळ्याच्या बुडाशी एकच प्रश्न होता. जेराल्डिनबाईंचे म्हणणे असे की चर्चच्या शिकवणीपुढे नम्र होणे म्हणजेच देवापुढे नम्र होणे. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे होते की याजकवर्गाचे जोखड आम्ही मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. आता दुसऱ्या याजकांचे प्रत्येक बोलणे देवाची आज्ञा म्हणून स्वीकारून तेच जोखड पुन्हा मानेवर घ्यायचे नाही. आपल्याला सदसद्विवेक आहे आणि तो देवानेच दिलेला आहे.

इथे टाळ्या वाजवण्याचा मोह होतो. जरा थांबू या. जेराल्डिनबाईंची बाजूही पोकळ नाही. मठवासी भगिनी म्हणून आज्ञापालनाचे व्रत त्यांनी स्वतः घेतलेले होते आणि त्याची किंमत रोज मोजली होती. त्यांची भीती अशी की प्रत्येक जण आपापल्या सदसद्विवेकाने विश्वास बेतू लागला, तर अंगाला येईल तेवढाच देव आपण शिवून घेऊ. ही भीती खरी आहे. 'माझी सदसद्विवेकबुद्धी' असे म्हणून आपण पुष्कळदा आपल्या सोयीलाच सोवळे नेसवतो. आणि एक गोष्ट जेराल्डिनबाईंच्या खात्यावर मांडली पाहिजे. ज्या पत्रांत त्यांचा विरोध झाला, ती पत्रे त्यांनीच जपून ठेवली आणि संकलित केली. फाडून टाकणे सोपे होते.

तरीही त्यांना एलीसारखे 'हाक माझी नाही' म्हणता आले नाही, असे आमचे मत आहे.

रमाबाईंचे पुढे काय झाले ते पाहा. त्यांनी स्वतःच नंतर लिहिले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले, मग ते पुण्याला गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. पैसा हाताशी नव्हता, जागा पुरेशी नव्हती. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. तिथेच त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबलचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, केले. ज्या बाईला हट्टी म्हटले गेले, तिच्याइतके निमूट आज्ञापालन फार थोड्यांनी केले असेल. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन मुलांचा दाखला आहे. बापाने मळ्यात जा म्हटल्यावर एक 'नाही' म्हणतो आणि नंतर जातो, दुसरा 'हो' म्हणतो आणि जातच नाही. रमाबाईंनी बापाला 'नाही' म्हटले नव्हते, मधल्या माणसांना म्हटले होते, पण मळ्यात कोण गेले ते दिसतेच.

इथे कृपेचा धागा. आज्ञा पाळून आपण तारण कमावत नाही हे लूथरपासून सगळे सांगत आले आणि ते बरोबरच आहे. पण पौल रोमकरांस पत्राच्या अगदी आरंभी आणि पुन्हा शेवटी विश्वास आणि आज्ञापालन हे दोन शब्द एकमेकांना बांधून ठेवतो. बॉनहॉफर या जर्मन पाळकाने १९३७ च्या आपल्या पुस्तकात याच गाठीवर बोट ठेवले. आधी विश्वास पक्का होऊ दे, मग आज्ञा पाळू, असे म्हणणारा विश्वासापर्यंतही पोहोचत नाही, असा त्याचा रोख आहे.

आता अवघड भाग. अब्राहाम. सदोम नगरीसाठी हाच माणूस देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत खाली आणतो. आणि स्वतःच्या मुलाचा बळी मागितला तेव्हा एक शब्द बोलत नाही. कांटने १७९८ साली लिहिले की अब्राहामाने उत्तर द्यायला हवे होते: मुलाला मारू नये हे मला निश्चित ठाऊक आहे, पण बोलणारा देवच आहे हे निश्चित ठाऊक नाही. किर्केगार्डने १८४३ साली उलट बाजूने याच प्रसंगावर पुस्तक लिहिले आणि अब्राहामाची श्रद्धा नीतीच्या चौकटीत मावत नाही असे दाखवले. आम्ही दोघांनाही वर्षानुवर्षे शिकवले. विद्यार्थी बहुधा कांटच्या बाजूने उभे राहत आणि आम्हांला त्यात गैर वाटत नसे. पण दोघांच्या वादात एक गोष्ट मागे पडते. अब्राहामाला दोनदा हाक आली. पहिल्या हाकेने तो निघाला, दुसऱ्या हाकेने त्याने सुरी खाली ठेवली. पहिल्या आज्ञेला घट्ट धरून बसलेला माणूस दुसरी ऐकूच शकला नसता. शिपाई आणि ऐकणारा यांतला फरक तिथे आहे.

शौल राजाची कथा आज्ञाभंगाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगतात. सर्वोत्तम मेंढरे राखली, वर बलिदानासाठी राखली अशी सबब दिली, आणि मेंढरांच्या बेंबें ओरडण्याने चोरी उघडी पडली. उपदेशात हा भाग रंगतो. पण ती आज्ञा अमालेकी लोकांच्या सरसकट संहाराची होती, लेकराबाळांसकट, हे कोणी मोठ्याने वाचत नाही. आम्हांला ही कथा आजही जड जाते. ती हलकी करून सांगण्यापेक्षा जड जाऊ देणे आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते.

मग ओळखायचे कसे? एकच खूण पुरेशी नाही, पण एक प्रश्न आम्हांला उपयोगी वाटतो: ही आज्ञा पाळली तर किंमत कोण मोजणार? जो 'देवाची आज्ञा' म्हणून सांगतो त्याला लाभ आणि ऐकणाऱ्याला तोटा, असे दिसले तर कान टवकारावेत. गेथशेमाने बागेत येशूने प्याला टळावा म्हणून पुन्हा पुन्हा विचारले आणि मग तो स्वतः प्यायला. विचारणे हा त्याच्या आज्ञापालनाचाच भाग होता.

ही खूणही किती अपुरी आहे हे एका शेतकऱ्याच्या उदाहरणाने दिसेल. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा. हिटलरच्या युद्धात लढणे हे पाप आहे असे त्याच्या मनाने घेतले. तो लिंझच्या बिशपांना जाऊन भेटला. इतरांनाही विचारले. बहुतेकांनी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे केला: सरकारचे ऐक, बायको-मुलींचा विचार कर. प्रेषितांच्या कृत्यांतला पेत्र न्यायसभेपुढे माणसांपेक्षा देवाचे ऐकण्याविषयी बोलला, तो अध्याय कोणी काढला नाही. १ मार्च १९४३ रोजी फ्रान्झ छावणीत हजर झाला आणि लढायला नकार दिला. जखमींची सेवा करीन, म्हणाला, पण ते कोणी मानले नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

किंमत त्याने स्वतः मोजली, हे खरे. पण एकट्याने नाही. पत्नी फ्रान्झिस्काने आधी त्याचे मन वळवायचा प्रयत्न केला. पण सगळे त्याच्या विरुद्ध आहेत आणि आपणही गेलो तर त्याला कोणीच उरणार नाही, हे पाहून ती त्याच्या बाजूने उभी राहिली. पुढे तीन लहान मुली, शेत, गावाचे टोमणे तिच्या वाट्याला आले. युद्धानंतरही कित्येक वर्षे तिला सैनिकांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन नाकारले गेले, कारण नवरा लढताना मेला नव्हता. फ्रान्झने जे ऐकले ते देवाचेच होते असे चर्चने शेवटी मान्य केले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथेड्रलमध्ये त्याला धन्य घोषित केले गेले. फ्रान्झिस्का त्या समारंभाला हजर होत्या. तेव्हा त्यांचे वय ९४ होते.